आत हात फिरवला नाही

ही गोष्ट खरी आहे. पटो न पटो, तुमची मर्जी.

माझ्या मावशीने ती फक्त माझ्या आईला सांगितली आणि आईने मला. आईला साधी थाप मारता येत नाही, लगेच हसू फुटतं तिला. हे सांगताना ती एकदाही हसली नाही.

दिवस गुरुवार. दुपारचे दोन. जागा शाळेच्या तळमजल्यावरची कलेची खोली.

रात्र नव्हती, अंधार नव्हता. खिडक्या सताड उघड्या होत्या आणि मैदानावर पोरं बोंबलत होती.

मावशी तिथे मातीकाम शिकवायची. हाताला गुण आणि जिभेला धार. खोलीच्या कोपऱ्यात कपाटाएवढी विजेची भट्टी होती. मुलांनी केलेल्या वस्तू वाळल्या की ती त्यात भाजायची. भट्टीच्या दारावर तिनेच ठळक अक्षरांत कागद चिकटवला होता : 'दार लावण्याआधी खालच्या फळीमागे हात फिरवा.' मागे एखादा ओला तुकडा राहिला तर तो फुटतो आणि शेजारच्या चार वस्तू फोडतो. शिपाईकाका एकदा हे विसरले तेव्हा मावशीने त्यांची अशी हजेरी घेतली की ते आठवडाभर तिच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत.

त्या गुरुवारी मात्र तिने स्वतःच हात फिरवला नाही.

शनिवारी प्रदर्शन होतं. मुख्याध्यापिका डोक्यावर बसल्या होत्या. भट्टी सकाळपासून उघडी होती, आदल्या दिवसाची ऊब अजून आत होती. मावशीने घाईघाईने फळ्या भरल्या, दार लावलं, बटण दाबलं.

शाळेत एक तपकिरी मांजरी होती. मुलं तिला बाईसाहेब म्हणत, कारण ती कुणालाही न विचारता कुठल्याही वर्गात शिरायची. आठवड्यापूर्वी ती व्याली होती. पिल्लं कुठे ठेवली आहेत, कुणाला ठाऊक नव्हतं.

अडीचला बाईसाहेब खोलीत आली.

भट्टीसमोर बसली...

आणि ओरडायला लागली.

"अगं, डोकं नको खाऊस माझं," मावशी म्हणाली. मांजरी हलेना. उलट दारावर नखं ओढू लागली. मावशीने झाडू उगारला, तरी ती जागची हलेना. शेवटी मावशीने मगभर पाणी तिच्या अंगावर फेकलं, तिला बाहेर हाकललं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

आतूनही बारीक खरखर येत होती...

माती तापताना असे आवाज होतात. मावशीला ते माहीत होतं. तिने लक्ष दिलं नाही.

थोड्या वेळाने खरखर थांबली.

दुसऱ्या दिवशी तिने भट्टी उघडली. सगळ्या वस्तू छान भाजल्या होत्या. एकही फुटली नव्हती. मावशी खूश झाली. मग खालची फळी काढली आणि मागे बघितलं.

तीन छोटे ढीग होते. राखेचे.

 तेवढ्यात बाहेर शिपाईकाकांच्या चपला वाजल्या. मावशीने ती राख सुपलीत ओढली आणि जी बादली हाताला लागली तीत टाकली. ती होती उरलेल्या मातीची बादली. मुलांच्या मोडक्या वस्तू, वाळके तुकडे त्यात जमा व्हायचे आणि पुढच्या वर्षी भिजवून पुन्हा वापरायचे.

नंतर काढू, असं तिने ठरवलं. प्रदर्शनाच्या धांदलीत ते राहून गेलं.

की तिने राहू दिलं? आईला विचारलं तर ती विषय बदलते.

बाईसाहेब पुढचे नऊ दिवस भट्टीसमोरून उठली नाही. दूध ठेवलं, तोंड लावलं नाही. दहाव्या दिवशी शिपाईकाकांनी तिला पोत्यात घालून नेलं. "म्हातारी झाली होती," मावशीने सगळ्यांना सांगितलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आपण काहीच केलं नाही, असं ती स्वतःलाही सांगत राहिली.

नवीन वर्ष सुरू झालं. मावशीची मुलगी तिसरीत गेली, त्याच शाळेत. तिला आम्ही सगळे ठकी म्हणायचो. मावशीचा जीव की प्राण. रात्री आईचा हात गालाखाली घेतल्याशिवाय ठकीला झोप येत नसे.

तिसरीला पहिलं काम होतं मातीचा प्राणी, माती त्याच बादलीतली, भिजवलेली. तो करायचा आणि मग कागदावर चार ओळी लिहायच्या. काय केलं, का केलं, काय जमलं नाही. मावशीचा हा नेम होता. ते कागद वाचताना तिला हसू आवरायचं नाही. एकाने लिहिलं होतं, 'मी हत्ती केला. सोंड पडली. आता डुक्कर आहे.'

मग ठकीचा कागद आला.

'मी घोडा करत होते. हातांनी मांजर केलं. मला थांबता आलं नाही. ती मला विचारते, तुझ्या आईने आत हात का नाही फिरवला?'

मावशीने तो कागद तीनदा वाचला.

राखेचं कुणालाच माहीत नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

टेबलावर ते मांजर बसलं होतं. तिसरीतल्या पोरीच्या हातचं वाटत नव्हतं. मान वळलेली होती आणि डोळे सरळ मावशीकडे लागले होते. आणि अंग... वाळायला चार दिवस झाले होते, तरी ते ओलं होतं. नुकतं पाणी फेकल्यासारखं.

"ठके, कुणी सांगितलं तुला हे लिहायला?"

"तिनेच," ठकी म्हणाली आणि केसांची रिबीन बांधत बसली.

मावशीने ते मांजर भट्टीत घालायचं नाही असं ठरवलं. कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिने बाकीचे प्राणी भाजायला घेतले. ठकी मागच्या बाकावर गणितं सोडवत होती. मावशीने भट्टीत हात फिरवला. एकदा नाही, चारदा. खालच्या फळीमागे, कोपऱ्यात, वर, बाजूला. काही नव्हतं. दार लावलं, बटण दाबलं आणि पाच मिनिटं हात धुवायला बाहेरच्या नळावर गेली.

परत आली तर खोलीत शांत होतं.

वही उघडी होती. पेन्सिल होती. चपला बाकाखाली होत्या...

ठकी नव्हती.

"ठके?"

कपाटाचं दार उघडं होतं. कुलूप तसंच कडीला लटकत होतं, बंद.

आणि भट्टीतून खरखर आली.

मावशी सांगते, तिला त्या क्षणी सगळं कळलं.  खरखर वाढली. मग आतून आवाज आला...

"आई..."

मावशीने झडप घालून दार ओढलं. गरम हवेचा लोट तोंडावर आला. खालच्या फळीमागे, जिथे धड एक घागर मावत नाही, तिथे ठकी अंगाचं मुटकुळं करून पडली होती. डोळे मिटलेले. मावशीने तिला ओढून काढलं, छातीशी धरलं.

ठकीच्या अंगावर एक डाग नव्हता. केससुद्धा गार होते.

"माझं बाळ, माझं बाळ," म्हणत मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आणि ठकी किंचाळली.

मावशीने हात काढून बघितलं. जिथे जिथे तिचे हात लागले होते, तिथे तिथे फोड आले होते. पाठीवर पाच बोटं उठली होती. गालावर तळवा.

शिपाईकाका धावत आले, पोरीला उचलून दवाखान्यात नेलं. त्यांच्या हातांनी तिला काही झालं नाही.

"भट्टीच्या दाराने तुमचे हात तापले असतील," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी मावशीचे तळवे उलटसुलट करून बघितले. त्यांवर साधी लालीही नव्हती. 

मातीचं मांजर कपाटात नव्हतं. भट्टीतही नव्हतं. ते कुणालाच सापडलं नाही.

फोड महिन्याभरात बरे झाले. एका दुपारी ठकी झोपलेली असताना मावशीने भीत भीत फक्त करंगळी तिच्या कपाळाला लावली.

दाण्याएवढा फोड आला.

त्यानंतर तिने मुलीला कधीच हात लावला नाही. नोकरी सोडली. ठकीची वेणी तिचे बाबा घालायचे, वाकडीतिकडी. ताप आला की आमच्या घरी फोन यायचा आणि आई रिक्षा करून पट्ट्या ठेवायला जायची. मावशी खोलीच्या दारात उभी राहून बघायची. ठकी आधी रडायची, हात पसरायची. हळूहळू तिने हात पसरणं सोडलं. मोठी झाल्यावर तर ती आईशी बोलतानाही दोन पावलं मागेच राहायची.

डॉक्टर झाले, औषधं झाली. कुणाला काही सांगता आलं नाही.

मला मावशीची कीव येते. आणि खरं सांगायचं तर रागही येतो. नुसता एकदा हात फिरवायचा होता. निदान दार लावल्यावर त्या मांजरीचं ऐकायचं तरी होतं.

गेल्या महिन्यात ठकीला मुलगी झाली.

आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. नर्सबाई नवीन होत्या, हसऱ्या. बाळाला दुपट्यात गुंडाळून थेट मावशीपुढे आल्या.

"घ्या आजीबाई, तुमचा मान पहिला."

 ठकी कॉटवर ताठ उठून बसली.

मावशीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"अहो, घाबरता काय? घ्या की."

"नको," मावशी म्हणाली. "माझे हात फार तापतात."

जिना उतरताना तिचा तोल जात होता, म्हणून मी तिचा हात धरला.

तो बर्फासारखा गार होता.