पाठीवरचा पिठाचा पंजा

सुपरमार्केटच्या चार नंबरच्या काउंटरवर त्या दुपारी द्राक्षाच्या रसाचे सहा खोके आले, त्यांच्यामागून दोन किलो साखर आणि शेवटी फुग्यांचं एक पाकीट.

"वाढदिवस वाटतं?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. सगळं दुकान तिला 'चार नंबर'च म्हणायचं.

"नाही हो… वाइन," समोरचा तरुण म्हणाला.

"फुग्यांची?"

तो हसला. मग त्यानं समजावून सांगितलं. रसात साखर घालायची, यीस्ट घालायचं आणि बाटलीच्या तोंडाला टाचणीनं भोक पाडलेला फुगा बसवायचा. रस आंबायला लागला की फुगा उभा राहतो, काम संपलं की मान टाकतो. त्याचे बाबा वर्षानुवर्षं घरी अशी वाइन करायचे. आता ते अंथरुणाला खिळले होते, म्हणून खिडकीत बाटली ठेवायची आणि त्यांनी पडल्या पडल्या फुगा बघायचा. पिणं घोटभरच, बघणं मात्र दिवसभर.

तिनं एक खोका उलटा केला आणि परत त्याच्याकडे सरकवला. "हे ठेवून या. मागं बारीक अक्षरात लिहिलंय बघा, प्रिझर्वेटिव्ह घातलंय. हा रस बिघडतच नाही. आणि जो बिघडायलाच तयार नाही, तो आंबेल कसा? खालच्या फळीवरचा घ्या."

"खरंच की! माझ्या लक्षातच आलं नाही."

"तुम्ही करता काय?"

"समोर… चष्म्याचं दुकान आहे माझं."

ती इतकी हसली की रांगेतल्या बाईंनी दूध सरकत्या पट्ट्यावर आपटलं. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," ती म्हणाली.

तेव्हापासून चष्मेवाला दर पंधरवड्याला येऊ लागला. तीन नंबर रिकामा असला तरी चार नंबरच्या रांगेत उभा राहायचा. फुगा किती फुगला, रात्री बाटली कशी फसफसली, बाबांनी फुग्याला काय नाव ठेवलं, सगळं सांगायचा. तीही उगाच एकेक खोका हळू हळू फिरवायची. सगळं छान चाललं होतं.

पण एक गोष्ट तिच्या डोळ्यांत कुसळासारखी सलत होती. रांगेत येण्याआधी तो पावाच्या विभागात जायचा. तिथली पाववाली त्याला कागदी कपात यीस्ट काढून द्यायची. चार नंबरवरून काचेपलीकडचं सगळं दिसायचं, ऐकू मात्र काही यायचं नाही. पाववाली मान मागं टाकून हसायची. गालाला पीठ लागलेलं असायचं, आणि ते तिला शोभूनही दिसायचं.

'एवढं हसण्यासारखं काय असतं यीस्टमध्ये?' चार नंबर मनात म्हणायची. घरी गेल्यावर भांडी आपटायची.

"त्या पातेल्यानं काय घोडं मारलंय तुझं?" आई विचारायची.

"काही नाही."

"मग त्याला पोचे का पाडतेस?"

एके दिवशी खालच्या फळीवर नवा माल आला. चित्र तेच, खोका तोच, पण मागच्या बारीक अक्षरांत एक शब्द वाढला होता… प्रिझर्वेटिव्ह. तिनं तो सकाळीच वाचला. आज तो येणार होता. आल्या आल्या सांगायचं, वर थोडं चिडवायचंही, असं तिनं ठरवून टाकलं.

तो आला. खोके ठेवताना फुग्यांचं पाकीट खाली पडलं. ते उचलायला तो वळून वाकला… आणि तिला त्याच्या पाठीवर, निळ्या शर्टावर, पिठाचा पंजा दिसला. पाचही बोटं, अगदी स्वच्छ.

तिनं उघडलेलं तोंड मिटलं. मिठाची गुळणी धरून तिनं एकेक खोका यंत्रापुढून फिरवला. टिंग. टिंग. टिंग.

"आज गप्प गप्प?"

"गर्दी आहे."

त्याच्या मागं कुणीच नव्हतं.

तिला वाटलं होतं, आता बरं वाटेल. नाही उठला फुगा तर नाही उठला, कळू दे पाववालीच्या यीस्टची किंमत! पण रात्री जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी पाववाली तिच्याजवळ आली. डोळे लाल होते.

"सकाळी चष्मेवाला आला होता गं. फुगा उठलाच नाही म्हणे. मला वाटलं, यीस्टच मेलं असेल. मी अख्खा डबा ओतून टाकला. आज पाव नाहीत, आणि साहेब सगळ्यांसमोर बोलले मला."

जेवणाच्या सुट्टीत चार नंबरनं रसाचा एक खोका उचलला आणि रस्ता ओलांडून ती चष्म्याच्या दुकानात शिरली.

"तुम्ही!" तो गडबडला. "डोळे तपासायचेत? बसा ना, बसा." तिनं काही बोलायच्या आत त्यानं तिला खुर्चीत बसवून नाकावर तपासणीची जड चौकट चढवलीसुद्धा. "आता समोरची खालची ओळ वाचा."

"ती नको. हे वाचते." तिनं खोका डोळ्यांपुढं धरला. "पाणी. द्राक्षाचा रस. साखर…"

"पुढं?"

"…प्रिझर्वेटिव्ह."

त्यानं खोका तिच्या हातातून घेऊन तो शब्द स्वतः वाचला.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तुम्ही यायच्या आधी."

"आणि तरी बोलला नाहीत?" त्याचा आवाज कोरडा झाला. "बाबा पाच दिवस त्या फुग्याकडे बघतायत. काल म्हणाले, बाटली माझ्यासारखीच झाली रे, आत काही हलतच नाही."

चौकटीतल्या काचा आतून धूसर झाल्या.

"मला बाबांचं वाईट करायचं नव्हतं," ती म्हणाली. "मला… तिच्या यीस्टचं करायचं होतं."

"यीस्टचं?"

"तुमच्या पाठीवर तिचा हात होता! पिठाचा! पाचही बोटं मोजली मी!"

मग त्यानं तिच्या नाकावरची चौकट हळूच काढली, काचा पुसल्या, परत पुसल्या.

"तिनं मला ढकललं होतं," तो म्हणाला. "म्हणाली, तीन महिने झाले, रांगेत जातोस, फुग्याच्या गोष्टी सांगतोस आणि शेपूट घालून परत येतोस. आज तिच्याशी बोलला नाहीस तर यीस्ट बंद."

"मग… बोलला का नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात, गर्दी आहे."

"मागं कुणीच नव्हतं."

"माहितीय. मी वळून बघितलं होतं."

ती रडता रडता हसली. तो मात्र हसला नाही. "आधी पाववालीला सांगा," तो म्हणाला. "मग बाबांना. माझं त्यानंतर."

पाववालीनं कमरेवर हात ठेवून सगळं ऐकलं. "म्हणजे डबा माझा गेला, बोलणी मी खाल्ली, आणि लग्न तुमचं?"

"लग्नाचं कोण बोललं?"

"मीच बोलले. आणखी किती ढकलू त्याला?" असं म्हणून तिनं तोंड फिरवलं ते पुढं दोन दिवस. साहेबांना चार नंबरनं स्वतः जाऊन सांगितलं, तेव्हा कुठं ते वळलं.

सुट्टीच्या दिवशी ती दुसऱ्या दुकानातून, दोनदा लेबल वाचून, रस घेऊन त्याच्या घरी गेली. खिडकीतल्या बाटलीवर फुगा लोंबत होता. पलंगावरच्या बाबांनी तिला नीट न्याहाळलं.

"रस मारणारी ती हीच का?"

"हो. चुकलं माझं, बाबा."

"पुन्हा मारशील?"

"पुन्हा कुणी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला तर… सांगता येत नाही."

बाबा असे हसले की पलंग करकरला. तिनं बाटली धुतली, रस ओतला, साखर विरघळवली, यीस्ट सोडलं. फुगा तिनंच बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"उभा राहिला!"

"फुगा?"

"फुगा. आणि तो जवळून बघायला बाबाही उठून बसले, उशीला टेकून." तो थांबला. "आता माझं सांगू? की… आजही गर्दी आहे?"

"सांग ना," ती म्हणाली. 'सांगा' म्हणायचं राहूनच गेलं.

पंधरा दिवसांनी तो पावाच्या विभागात कागदी कप घेऊन उभा होता. पाववाली कशावर तरी मान मागं टाकून हसत होती. चार नंबरनं काचेतून पाहिलं. आता सगळं ठाऊक होतं, तरी जुनं कुसळ पुन्हा सललंच. तिनं काउंटरवर 'बंद' अशी पाटी ठेवली, तरातरा आत गेली, परातीतल्या पिठात हात बुडवला आणि त्याच्या पाठीवर पाचही बोटं उमटवली.

"अगं, नवा शर्ट आहे त्याचा!" पाववाली ओरडली. "ढकलतेस की काय त्याला?"

"नाही," ती म्हणाली, आणि हात तिनं तिथंच ठेवला.