डोळ्यांना लावायचं निशाण

पहिला हाफ

"आज निशाण आमच्या आळीत येणार," कमळ म्हणाली. "काहीतरी सुचवा."

लडकू आणि हौसा तिच्या ओट्यावर बसली होती. एकाहत्तरचा मे महिना, शाळेला सुट्टी, आणि खेळायला कुणात जीव नव्हता. अख्ख्या अंजूरला डोळे आले होते. देशभर साथ आहे, असं रेडिओ सांगत होता. मैदानावर जमायला बंदी. एरवी मॅचआधी सगळे जमून गावाच्या फुटबॉल टीमचं लाल निशाण डोळ्यांना लावायचे. आता निशाण सांभाळणारे केसरीनाथकाका ते रोज एकेका आळीत दारोदार फिरवत होते. रविवारी राहनाळशी मॅच होती.

कमळच्या बापाला, दामूला, एकच डोळा होता. दुसरा लूमवरचा धोटा उडून लागल्यानं गेला होता. उरलेल्या डोळ्याची कमळला धास्ती होती.

मध्यंतर

"निशाण ज्या आळीत जातं, तिथं लगेच सगळ्यांचे डोळे लाल," हौसा म्हणाली.

"सीताबाईच्या घरी कुणालाच न्हाय," लडकू म्हणाला.

"तिचं माहेर राहनाळ. तिनं काकांना निशाणासकट हाकललं," कमळ म्हणाली.

तिघं उठली आणि थेट केसरीनाथकाकांकडे गेली.

दुसरा हाफ

"निशाणानं रोग होतो? शाळेत हेच शिकवतात काय?" केसरीनाथकाका डोळे चोळत म्हणाले.

"राहिलं, काका," कमळ म्हणाली. "पण तुम्ही दमलात. आज आम्ही फिरवतो."

काका खरंच दमले होते.

निशाण काठीनं उचलून पोरांनी उकळत्या पाण्यात बुडवलं. पण एकानं डोळ्यांना लावलं की पुढच्या दारात पुन्हा तेच. म्हणून मग ते सर्वांत लांब बांबूच्या टोकाला बांधलं.

संध्याकाळी दामूनं दारातून हात वर केला. पोचला नाही.

"खाली घे गो. डोळ्याला लावू दे."

"न्हाय, बा. हात जोड नुसते."

"ही कुठली पद्धत?"

लडकू शांतपणे म्हणाला, "दामूकाका, मॅचच्या तोंडावर निशाण खाली घ्यायचं? राहनाळवाले हसतील."

दामूनं विचार केला. हात जोडले. शेजाऱ्यांनीही जोडले.

जादा वेळ

रविवारपर्यंत त्या आळीत कुणाचेच डोळे आले नाहीत. केसरीनाथकाकांनी तिघांना बोलावलं, पण लांबच उभं केलं.

"आळी वाचवलीत, पोरांनो. तुमचं तेव्हाच ऐकायला हवं होतं."

मॅच झाली. बघायला मोजकी माणसं, एकेका बांधावर एकेकटी. ना हलगी, ना खांद्यावर हात. काकांचे डोळे आलेले, ऊन सोसत नव्हतं. ते आंब्याखाली डोळे मिटून बसले होते. पलीकडच्या बांधावरून दामू त्यांना ओरडून मॅच सांगत होता.

"गोल?"

"न्हाय. बाहेर."

"आता?"

"दम धर, केसरी. बघतोय मी."