यमुताईचं पान

मनोरुग्ण बायकांच्या एका संस्थेत बऱ्या झालेल्यांना घरी पोचवायचं काम दामिनीकडे होतं. काम कसलं, डोकेफोड! बहिणीला किंवा बायकोला दाखल करताना लोक हटकून खोटा पत्ता लिहायचे, म्हणजे पुढे कुणी परत आणून सोडायला नको. यमुताईच्या भावानं लिहिलेलं घर तर इतवारीत कधी नव्हतंच. तिला आठवणारं महाल भागातलं घर पाडून तिथं दुकानं झाली होती. यमुताईला बरं होऊन वीस वर्षं झाली होती. रात्रीची एक गोळी, बाकी काही नाही. तिला घरी जायचं होतं आणि घरच्यांच्या सहीवाचून संस्था सोडत नव्हती.

पितृपक्षातल्या नवमीला दुपारी यमुताईनं ताट बाजूला सारलं. दरवर्षी त्या दिवशी सारायची.

"जेवत काहून नाही, ताई?"

"घरून जेवून आली वं. खिरीत वेलची जास्त झाली. सुनेचा हात सढळ आहे."

"कोणत्या घरून?" दामिनीनं सहज विचारलं.

यमुताईनं सांगितलं. त्रिमूर्तीनगर, बंद पडलेल्या लिफ्टची इमारत, तिसरा माळा, दाराला हिरवी जाळी. बत्तीस वर्षांत ही बाई फाटकाबाहेर पडली नव्हती. दामिनीनं स्वतःला वेड्यात काढलं आणि स्कूटी काढली.

लिफ्ट बंद होती. जाळी हिरवी होती.

सुनेनं, मिनलनं, दार उघडलं. आत वेलचीचा वास होता. भिंतीवर तरुण यमुताईच्या फोटोला हार घातलेला. बाल्कनीच्या कठड्यावर दोन पानं मांडलेली. एक कावळ्यानं विस्कटलेलं, दुसरं पुसल्यासारखं स्वच्छ.

"ते आत्याबाईंचं," मिनल हळूच म्हणाली. "आजेसासूबाईंच्या पानाला कावळा लगेच शिवतो. आत्याबाईंच्या पानाला कधीच नाही. पण थोड्या वेळानं बघावं तर रिकामं असते."

"शिवन कसा? तुमच्या आत्याबाई जिवंत आहेत."

मिनलचा चेहरा पांढरा पडला. कृष्णकांत, यमुताईचे थोरले भाऊ, ताटावर बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"आमची यमु गेली. तेरवी केली आम्ही. गाव जेवू घातलं."

"जित्या माणसाची तेरवी काहून केली, काका?"

"माझ्या पोरींची लग्नं व्हायची होती. वेडी आत्या घरात आहे म्हटल्यावर कोण आलं असतं?"

दामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरींची लग्नं झाली, नातवंडं झाली, आणि ही बाई वीस वर्षं फाटकाकडे डोळे लावून बसली! तिनं फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला.

"त्या बाईले फक्त घरी यायचं आहे. सही करा."

"मेलेली माणसं घरी येत नाहीत," ते म्हणाले. फॉर्म सरकवून त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं.

तेवढ्यात बाल्कनीतून कावळा आत आला.

उडत नाही, चालत. फरशीवर त्याच्या नखांचा आवाज येत होता.

"हाड!" कृष्णकांत ओरडले. त्यांनी हात उगारला, पाण्याचा तांब्या आपटला.

कावळा बुजला नाही. समोर कुणीच नसल्यासारखा तो ताटाच्या कडेवर चढला.

त्यानं भाताच्या मुदीत चोच घातली.

मिनलनं ओढणी डोक्यावर घेतली आणि सवयीनं हात जोडले.