खडूची रेघ

ट्रान्समीटर म्हणजे रुसका जावई, असं बाबा म्हणायचे. अँटेनाशी जुळलं नाही की पाठवलेली पॉवर सगळी परत. जुळवायचं तर हातानं दोन बटणं फिरवायची आणि परतीचा काटा शून्यावर आणायचा. झालं!

मेख एकच. संचातल्या कॉइलवरचं, म्हणजे तारेच्या वेटोळ्यावरचं, झाकण कधीच मोडलं होतं, आणि उघड्या कॉइलजवळ नुसतं माणूस उभं राहिलं तरी काटा हलतो. म्हणजे जवळून जुळवलं तर ते तुमच्यासकट जुळतं. बाजूला झालात की बिघडलंच. म्हणून बाबांनी जमिनीवर खडूनं रेघ मारली होती. बटण फिरवा, रेघेमागे या, काटा बघा, पुन्हा जा. बाबांना जाऊन वर्ष झालं. थोरला मुलगा आता किनाऱ्यावरच्या रेडिओच्या खोलीत त्यांच्या खुर्चीत बसायचा आणि पुसट झाली की रेघ गिरवायचा. धाकट्या भावाच्या मासेमारीच्या नावेवरही असाच उघडा संच होता, पण मागे सरेल तो धाकटा कसला! त्याचा आवाज कायम खरखरीत.

त्या दुपारी वादळाचा इशारा आला. सगळ्या नावांना परत बोलवायचं होतं, आणि धाकटाच सगळ्यांत लांब गेलेला. थोरल्यानं घाईघाईनं बटणं फिरवली, काटा शून्यावर आणला आणि रेघेमागे आला.

काटा शून्यावरच.

एरवी तीन-चार खेपा तरी व्हायच्याच. त्यानं रेघेमागच्या टेबलावरच्या मीटरला टिचकी मारून बघितली. काटा अडकलेला नव्हता. कॉइलजवळची जागा जणू रिकामी झालीच नव्हती. असेल काहीतरी, म्हणत त्यानं इशारा वाचायला घेतला.

एकेक नाव उत्तर देत गेली. धाकट्याकडून नुसती खरखर.

"अरे, मागे सर ना!" थोरला माइकवर ओरडला. "बाबांनी घसा फोडून सांगितलं होतं तुला!"

खरखर.

तेवढ्यात इकडचा काटा उडाला. थेट चाळीसवर. थोरला तर जागचा हललाही नव्हता.

आणि स्पीकरमधली खरखर थांबली.

"दादा, ऐकलं. नाव वळवली."

शेजारच्या खोलीतून बोलावं इतका स्वच्छ आवाज. थोरल्याला रडूच फुटलं.

"जुळवलंस कसं रे?"

"तू म्हणालास तसा मागे सरलो." धाकटा म्हणाला. "दादा, केबिनमध्ये मी एकटाच आहे. पण सरताना पाठ कुणाला तरी टेकली. पाठीवर हात फिरवून बघितला, तर बोटांना खडू लागलाय."