चौथ्या ब्रॅकेटचा आवाज

ही घटना घडलेली आहे. तिच्यात पदरचे काही घातलेले नाही. उलट, मीनाक्षीला जे नीट मोजता आले नाही ते तिने सांगताना गाळलेच आहे.

मीनाक्षी एका फाउंड्रीत धातूंच्या चाचण्या घेते. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ असे ती म्हणत नाही.

स्थळ कोल्हापूरचे उद्यमनगर. गेल्या वर्षीचा मार्च. सोमवार, म्हणजे सुट्टीचा वार. दुपारचे सव्वातीन.

रात्र नव्हती. पत्र्यावर ऊन रणरणत होते. शेजारचे सगळे लेथ बंद होते.

रुद्रेशच्या गॅरेजात ती वडिलांची हत्यारांची पेटी न्यायला आली होती.

तिचे वडील गुंडू मिस्त्री; ती त्यांना आप्पा म्हणे. पाच आठवड्यांपूर्वी याच गॅरेजात, एका जीपखाली ते चिरडले गेले होते.

“म्हातारा घोड्या लावायला विसरला,” असे रुद्रेशने सगळ्यांना सांगितले. घोड्या म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचे लोखंडी टेकू. ते वाक्य उद्यमनगरातून थेट गावी, कोडोलीला पोचले. दहाव्याला आलेली माणसे माना हलवत म्हणाली, “वय झालतं की.”

तेव्हा मीनाक्षीच्या मस्तकात गेलेली तिडीक अजून उतरली नव्हती. अडतीस वर्षे हा माणूस घोड्या लावून, वर गाडीला खांद्याने ढकलून पाहिल्याशिवाय खाली शिरला नव्हता. आणि मेल्यावर त्याच्या नावापुढे काय लागले? विसरभोळा.

गॅरेजात पाय ठेवताच तिला तीच जीप दिसली.

मागची दोन्ही चाके काढलेली. मागचा सगळा भार एकट्या जॅकवर.

“घोड्या कुठं आहेत, शेठ?”

“त्या पिकअपला लावल्यात.” रुद्रेशने मान वर केली नाही. “पेटी कोपऱ्यात हाय. घेऊन जावा, ताई.”

“पाच आठवडे झालेत फक्त! पाच!”

“तुमी शिकलेली मानसं. तुमचं तुमी बघा, धंद्यातलं मला कळतंय.”

जीपचे मालक हंबीरराव, आजऱ्याचे काजूवाले, जुन्या टायरवर बसून चहा पीत होते. “भांडू नकासा,” ते म्हणाले. “रुद्रेश, चाकं बसव आन् मला मोकळा कर बाबा. दोन म्हयनं झालं, जीप माझी आन् मी फिरतोय यष्टीनं!”

काम तसे साधे होते. जीप चार इंच उंच केली होती. उंच केली की चाकाचे धक्के झेलणारा शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणला जातो. चाक खड्ड्यात लोंबले, तर त्याला आणखी ताणायला जागाच उरत नाही. म्हणून त्याला वर धरणारे ब्रॅकेट चासीवरून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरून कापून खाली सरकवायचे आणि पुन्हा वेल्ड करायचे. तीन ब्रॅकेट मिस्त्रींनी सरकवली होती. चौथे राहिले. ते रुद्रेशने केले.

मिस्त्रींची एक रीत होती. वेल्ड थंड झाला की लहान हातोडीचा एक टोला द्यायचा आणि कान लावायचा. खणखणला, तर काम पक्के. बद्द वाजला, तर आत भेग. मग कापा आणि पुन्हा करा.

मीनाक्षीने पेटी उचलली.

आणि...

ठण.

आवाज जीपखालून आला.

पत्रा तापला असेल, तिने स्वतःला सांगितले. तापलेला पत्रा वाजतो.

ठण...

ठण...

मग थोडी शांतता. कुणीतरी एका ब्रॅकेटकडून दुसऱ्याकडे सरकावे, एवढीच.

थप्प.

हंबीररावांचा पेला हवेतच थांबला. “खाली कोन हाय रं?”

मीनाक्षी वाकली. जीपखाली कोरडी फरशी होती. कोणी नव्हते.

तिने पेटी उघडली. हातोडी आतच होती.

“चौथा बद्द वाजला,” ती म्हणाली.

“व्हय, मीबी ऐकलं,” हंबीरराव उठले. “आजऱ्याच्या घाटात ब्रॅकेट तुटलं तर मला कोन, तू धरनार? आधी बघ ते.”

रुद्रेशचे तोंड लाल झाले. “काय बी नाटकं लावल्यात! आना हिकडं!” त्याने मीनाक्षीच्या हातून हातोडी हिसकावली.

“घोड्या लावा आधी.”

“दोन मिनटांचं काम हाय.”

“आप्पांनाही हेच म्हणालात?”

तो थबकला. मग पाठीवर आडवा झाला आणि खाली सरकला. बाहेर फक्त पाय राहिले.

आणि...

सुळ्ळ.

जॅकमधून तेल सुटल्याचा आवाज. जीपचा मागचा भाग सावकाश खाली येऊ लागला.

खालून रुद्रेश ओरडला.

जीप थांबली.

जॅक थांबला नाही. तो खाली बसतच गेला. एक्सल आणि जॅकचे डोके यांत चार बोटे अंतर पडले. त्या अंतरातून मीनाक्षीला पलीकडची भिंत दिसत होती.

मधे काहीही नव्हते...

वितळलेला धातू साच्यात ओतताना सेकंद मोजायचे, ही तिची कामावरची सवय. तिने मोजले. एक. दोन. तीन. चार.

तेव्हा तिला ऐकू आले. छातीत दम कोंडून जड वजन पेलणाऱ्या माणसाचा हुंकार. गिअरबॉक्स उचलताना आप्पा असाच आवाज काढत.

तिने रुद्रेशचा पाय धरला. दुसरा हंबीररावांनी धरला. दोघांनी त्याला फरफटत बाहेर ओढले.

नऊ.

जीप कोसळली. फरशी फुटली.

रुद्रेश भिंतीला टेकून बसला. कुणी काही विचारले नव्हते.

“मीच काढल्या,” तो म्हणाला. “घोड्या. मिस्त्री खालीच हुते. पिकअपला पायजे हुत्या. म्हटलं, जॅक हाय की... दोनच मिनटं...”

हंबीरराव उसळले. “आन् खापर मेलेल्या मानसाच्या डोस्क्यावर फोडलंस? थू तुझ्या जिंदगानीवर!”

दुसऱ्या दिवशी मीनाक्षीने रुद्रेशला कोडोलीला नेले. चौकात, दहाव्याला आलेल्या त्याच माणसांसमोर, ही कबुली त्याच्या तोंडून पुन्हा वदवली. मिस्त्री विसरले नव्हते. आता ते सगळ्यांना ठाऊक आहे.

जॅक तिने स्वतः उघडून पाहिला. आतले रबरी सील फाटले होते. तो का बसला, ते कळले. जीपचा मागचा भार सुमारे आठशे किलो. तो नऊ सेकंद कशावर राहिला, ते मात्र जॅक उघडून कळले नाही.

तिचा राग मात्र गेलेला नाही. त्याने रोख बदलला आहे. ज्याने मारले, त्याच्यासाठीच जीप धरायची? आप्पांसाठी तर कुणी एक सेकंदही धरली नव्हती.

हे तिला आप्पांना विचारायचे आहे. घरात एकटी असताना प्रश्न ओठांपर्यंत येतो...

ती तो गिळते.

कारण उत्तर आले, तर त्यामागून आप्पाही एक प्रश्न विचारतील. रुद्रेशचा पाय हाताशी होता. मग पहिले चार सेकंद ती नुसती मोजत का उभी राहिली?