वाघजाईच्या चढावर

"ठेव ते ताट खाली! तुझ्या हातचं आता मला पानी बी नको!"

तुळजाबाईंचा आवाज असा कडाडला, की शेजारच्या खळ्यावर भात झोडणाऱ्या बायांचे हात वरच्या वर थांबले. ओसरीवर उभ्या असलेल्या वैष्णवीच्या हातातलं ताट कललं, आमटीचा ओघळ तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला आणि तिला चटका बसला तो मात्र भलतीकडेच... काळजात!

"आत्या, सकाळपासनं तुमच्या पोटात अन्नाचा कण न्हाई..."

"माझ्या पोटाची काळजी तू करतीस व्हय? तुझ्या एका चुकीपायी सगळा डेपो संपावर बसला, आन् आज माझ्या कैलासला सांगावा आला, की कामावर ये न्हाईतर घरी बस! पोर अजून कायम झालेला न्हाई. घरात सून पोटुशी. थोरल्याला खाल्लंस, त्याच्या जागंवर जाऊन बसलीस, आता धाकल्याची भाकरी बी घालव, म्हंजे सुटलीस!"

थोरल्याला खाल्लंस! किती सहज बोलून गेली म्हातारी! वैष्णवीनं ताट हळूच उंबऱ्याशी ठेवलं. ओसरीच्या टोकाला कैलास गुडघ्यात मान घालून बसला होता. त्याची बायको सृष्टी दाराआडून बघत होती. वैष्णवीनं दिराकडे एकदाच पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. ती पदर खोचून परड्यात गेली आणि भांडी घासायला बसली.

शेखर, तिचा नवरा, बसवर डायव्हर होता. तापाचं निमित्त होऊन तो गेला आणि त्याच्या पाठीमागे डेपोनं वैष्णवीला कंडक्टर म्हणून घेतलं. ती नोकरी कैलासला मिळायला हवी होती, असं तुळजाबाईंनी मनात जे धरलं, ते धरलंच! पुढे कैलास स्वतःच्या हिमतीवर डायव्हर झाला, नशिबानं दोघांना रिहे गावाच्या वाटेवरची एकच गाडी मिळाली, तरी म्हातारीच्या मनातली अढी काही गेली नाही. कैलास मात्र वहिनीच्या तालमीत वाढलेला. ती या घरात आली तेव्हा तो शाळेत जायचा. त्याचा डबा, त्याचं दप्तर, त्याची आजारपणं, सगळं तिनंच निस्तरलेलं. तिला मूलबाळ झालं नाही, आणि झालं नाही म्हणून ती कधी रडलीही नाही, कारण सगळी माया या एका पोरावर ओतून मोकळी झाली होती बिचारी!

आणि त्या पोरानंच... पण नको. ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

अपघात झाला त्या सकाळी खोऱ्यात असं धुकं उतरलं होतं, की गाडी रस्त्यावरून चालली आहे की ढगातून, तेच कळेना. अमावस्या होती. दर अमावस्येला पहिल्या फेरीला वाघजाईच्या चढावर गाडी थांबवायची, देवीपुढे नारळ फोडायचा आणि मग पुढे जायचं, हा या वाटेवरचा जुना रिवाज. प्रवासीसुद्धा त्यासाठी खोळंबतात, कुरकुर करत नाहीत. आणि गाडी तरी कशी! एकदा बंद केली की परत चालू होण्याचं नाव नाही, चार माणसांनी ढकलावी तेव्हा कुठे धुगधुगी धरणार. कैलासनं आणि वैष्णवीनं कितीदा तक्रार केली, पण वर्कशॉपला वेळ कुठला! म्हणून इंजिन चालूच ठेवायचं, ढिला हँडब्रेक ओढायचा आणि वैष्णवीनं खाली उतरून मागच्या चाकामागे दगड लावायचा, अशी त्यांची रीत पडली होती.

त्या दिवशीही तिनं दगड लावला, चांगला पायानं ठोकून लावला, आणि तिकिटं द्यायला ती परत आत चढली. एरवी नारळ तीच फोडायची. पण त्या सकाळी तुळजाबाईंनी तिच्यादेखत लेकाला बजावलं होतं, "नारळ तूच फोड. पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातचा देवीला चालत न्हाई." तेव्हा कैलास नारळ घेऊन उतरला. देवळापुढचा नारळ फोडायचा दगड रस्त्याच्या कामात कुठे गडप झाला होता. धुक्यात दुसरा दगड दिसेना, मागे गाडी धडधडतेय, उशीर होतोय... आणि त्या खुळ्यानं काय करावं? चाकामागचा दगड काढला! म्हणाला असेल मनाशी, आत्ता फोडतो आणि आत्ता परत लावतो.

वैष्णवीनं मागच्या खिडकीतून त्याला वाकताना पाहिलं. "भावजी!" ती ओरडली. पण नारळ फुटल्याचा आवाज आणि गाडी मागे सरकल्याचा धक्का, दोन्ही एकदमच आले.

देवीची कृपा म्हणायची, गाडी मागच्या भातखाचरात जाऊन कलंडता कलंडता थांबली. कुणाचा जीव गेला नाही. प्रवाशांतल्या म्हाताऱ्या भैरूबाबांचा पाय मात्र मोडला. आरडाओरडा चालला होता, धुक्यात माणसं एकमेकांना हाका मारत होती, आणि त्या सगळ्या गदारोळात वैष्णवीला दिसला तो नारळाच्या पाण्यानं ओला झालेला दगड, आणि त्याच्यापाशी दातखीळ बसल्यासारखा उभा असलेला कैलास. तिनं तो दगड उचलला आणि खाचराच्या चिखलात भिरकावून दिला.

"वैनी..."

"गप. तुमी काय बी बोलायचं न्हाई. ऐकलंत? काय बी न्हाई!"

चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं, "चाकाला दगड लावायचं काम माझं होतं. मी विसरले. डायव्हर खाली उतरले ते माझ्याच सांगण्यावरून."

झालं! कैलास समज मिळून सुटला, वैष्णवी सस्पेंड झाली आणि लवकरच तिला कायमचं काढणार असं कानावर आलं. पण युनियनला ते मान्य होईना. मोडकी गाडी रस्त्यावर पाठवणारे खुर्चीत आणि गरीब बाई घरी, हा कुठला न्याय? बघता बघता डेपोच्या फाटकासमोर मांडव पडला आणि एकही चाक हलेना. खोऱ्यातली माणसं आधी हळहळली. मग दूध नासायला लागलं, कॉलेजची मुलं घरी बसली, घोटावड्याच्या कारखान्यात जाणाऱ्यांचे खाडे पडायला लागले, तेव्हा त्यांनीही नाकं मुरडली. माणसाची जात आहे, चालायचंच!

तुळजाबाईंनी ताट नाकारलं त्याच दुपारी युनियनचे हैबतराव घरी आले. दांडगा माणूस, मिशाळ, पण वैष्णवीशी बोलताना आवाज कसा खाली आलेला.

"बाई, राग मानू नका. आमी समदं सांगून बघितलं. गाडी बंद करता येत न्हवती, तक्रारी दिल्या होत्या, समदं. पन साहेब एकच धरून बसलेत. म्हणतात, तुमची बाईच कबूल करतीया का मी दगड लावला न्हाई, मग आमची चूक कुटं? तुमच्या त्या एका वाक्यावर अडलंय बगा. खरंच विसरला व्हता का तुमी?"

वैष्णवीच्या आत्ता ध्यानात आलं. म्हणजे जे वाक्य बोलून आपण एकाला वाचवलं, त्याच वाक्यानं सगळ्या डेपोचा गळा आवळला! तिच्यासाठी मांडवात बसलेल्या माणसांच्या चुली तिच्याच शब्दानं विझायच्या! आणि तो शब्द मागे घ्यावा तर... दारापाशी कैलास उभा होता, अंगातलं रक्त कुणी काढून घ्यावं तसा पांढरा.

"व्हय," ती म्हणाली. "विसरले मी."

हैबतराव उसासा टाकून निघून गेले. वैष्णवी शेताकडे आली आणि भाताच्या उडवीला पाठ टेकून बसली. बस नसल्यामुळे खोऱ्याला विलक्षण शांतता आली होती. कोवळं ऊन, वाळल्या पेंढ्याचा गोड वास, दूर डोंगराच्या कडेवर तरंगणारं निळसर धुकं... तिचे डोळे मिटले की उघडेच होते कोण जाणे, पण तिला गाडी दिसली! रस्ता सोडून, खाचरांच्या वरून, पाण्यावर होडी यावी तशी ती अलगद येत होती. शेखर गाडी चालवत होता. त्याच्या अंगावर तोच खाकी सदरा, तिनं खांद्यावर टाका घातलेला. ती दारात उभी होती आणि आत माणसंच माणसं, मांडवातली, खोऱ्यातली, सगळी उतरण्यासाठी तिच्याकडे बघत होती. ती घंटीची दोरी ओढत होती, पुन्हा पुन्हा ओढत होती, आणि घंटी वाजतच नव्हती! "अहो, थांबवा ना," ती म्हणाली. शेखरनं वळून पाहिलं, तो नुसता हसला, आणि धुकं त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू फिरत गेलं... वैष्णवीला जाग आली तेव्हा तिचे गाल ओले होते. पण मन कसं निवळलं होतं. थांबवायचं ते आपणच थांबवायला हवं, बस्स!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सासूला सांगितलं, "आत्या, मी मांडवात जाऊन सांगते. म्हणते, माझ्यापायी संप करू नगा, कामावर जावा. मला काढू द्यात."

तुळजाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तोंडानं सांगतीस, का खरंच जातीस? मी येते संगं."

आल्याच! भाताची पोती नेणाऱ्या टेंपोत सुनेशेजारी बसून डेपोपर्यंत आल्या.

मांडवात माणसं दाटीवाटीनं बसली होती. वैष्णवीला पाहून सगळी उठून उभी राहिली, कुणी तिच्या नावाची घोषणासुद्धा दिली, आणि तिला भरून आलं. तिनं हात जोडले.

"तुमचे लई उपकार हायेत माझ्यावर. पन आता पुरं करा. चूक माझीच हाय. दगड मी..."

"खोटं हाय!"

मांडवाच्या मागून आवाज आला. कैलास माणसांना बाजूला सारत पुढे येत होता.

"भावजी, तुमाला माझी शपथ हाय!"

"लई पाळल्या शपथा, वैनी! लहानपणी पाटी मी फोडायचो आन् मार तुमी खायचा. आता बास!" तो सगळ्यांकडे वळला. "वैनीनं दगड लावला व्हता. चांगला ठोकून लावला व्हता. मी काढला तो! नारळ फोडायला दगड घावंना म्हनून चाकामागचा काढला! भैरूबाबाचा पाय माझ्यामुळं मोडला. ह्या बाईनं माझी नोकरी वाचवाया समदं आपल्या अंगावर घेतलं, आन् मी... मी नामर्दासारखा तिच्या हातची भाकरी खात गप बसलो!"

मांडवात एकच कालवा उठला. मग कुणीतरी शिवी हासडली, कुणी कैलासच्या अंगावर धावून आलं. वैष्णवी मध्ये पडली. आणि हैबतरावांचा आवाज घुमला, "थांबा! पोरानं चूक केली, ती त्यो भोगंल. पन दगड लावायची पाळी का आली? गाडी बंद करून हुबी करता येत असती, तर दगडाचं कामच काय व्हतं? आता साहेबांनी त्या बाईच्या कबुलीमागं दडून दावावं!"

ती सबब खरोखरच गेली. पुढे बोलणी झाली, संप मिटला. वैष्णवीवरची कारवाई मागे घेतली, आणि असल्या गाड्या दुरुस्त झाल्याशिवाय बाहेर काढायच्या नाहीत असं ठरलं. कैलास सस्पेंड झाला. त्याचं पुढे काय होईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं, पण त्या दिवसापासून त्याची मान वर झाली हे मात्र सृष्टीनं पाहिलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी परतताना टेंपोनं दोघी सासवा-सुनांना फाट्यावरच सोडलं. उन्हं कलली होती. कैलास मांडवातच थांबला होता. ओढ्याच्या अंगानं पांढरं धुकं वर चढायला लागलं होतं आणि त्या धूसर वाटेनं वैष्णवी पुढे, तुळजाबाई मागे, अशा चालल्या होत्या. सासूची पावलं अडखळतायत हे वैष्णवीला कळत होतं, पण मागे वळून हात धरायचा धीर तिला होईना. तो हात झिडकारला गेला तर?

वाघजाईच्या चढाशी तुळजाबाई थांबल्या.

"वैष्णवी."

कितीतरी दिवसांनी त्यांनी तिला नावानं हाक मारली होती!

"त्यानं नारळ फोडला त्यो माझ्या सांगन्यावरनं. तुझा हात लागू नगं, म्हनून." त्यांचा आवाज फाटला. "तुला ठावं व्हतं. तू तितंच हुबी व्हतीस. आन् मी तुला ताटावरनं... अगं, एक शब्द बोलली असतीस! का न्हाई बोललीस?"

"तुमचा एक गेला, आत्या. दुसऱ्याचं काय झालं असतं, तर तुमी उभ्या न्हाई राहिल्या असत्या."

"आन् तू? तुझा कोन हाय? ना नवरा, ना लेकरू, ना म्हायार धड! ही नोकरी गेली असती, तर कुनाच्या दारात गेली असतीस तू?"

वैष्णवीला या प्रश्नाचं जरा नवलच वाटलं. इतक्या दिवसांत तिनं त्याचा विचारच केला नव्हता.

"तुमच्याच, आत्या," ती म्हणाली. "दुसरं दार कुटं ठावं हाय मला?"

तुळजाबाई मटकन रस्त्याच्या कडेला बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडू लागल्या. वैष्णवी त्यांच्याजवळ टेकली तशी त्यांनी तिला दोन्ही हातांनी ओढून छातीशी धरलं. "शेखर गेला गं... माझा शेखर गेला..." त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. तो गेल्यापासून त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून कधी रडल्याच नव्हत्या. आज त्याच्यासाठी पोटभर रडल्या, आणि अंधार पडू लागला तेव्हा एकमेकींचा हात धरून घराकडे चालू लागल्या.