धोंडाबाईंचे पन्नास गुण

लाउडस्पीकरवरून "चांदवडच्या धोंडाबाई सापडल्या आहेत" असं जाहीर झालं आणि मंडपात झुपकेदार मिशांचे एक गृहस्थ शिरले.

बायकोला शोधत आलेल्या पुंजाआजोबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही आमची मंडळी नाय," ते म्हणाले.

बंटीला हसू आवरेना. योगिनीनं त्याला कोपरानं ढोसलं, पण तिलाही हसू फुटत होतं.

गंगा दशहऱ्यामुळे रामकुंडावर तुफान गर्दी होती. उन्हाळ्याची सुट्टी असल्यामुळे दोघं 'हरवले-सापडले' मंडपात पाणी वाटायला आली होती. मंडपातला लॅपटॉप योगिनीच्या मावसभावाच्या, ज्ञानेशदादाच्या ताब्यात होता. तो इंजिनिअरिंगला होता आणि नावं जुळवणारा हा प्रोग्राम त्यानं स्वतः लिहिला होता, हे त्यानं सकाळपासून भेटेल त्याला सांगितलं होतं.

मिशीवाले धोंडीबा होते. पुंजाराम नावाच्या भावाला शोधत ते शेजारच्या मंडपात बसले होते. "मी हरवलोच नाही," असं पुटपुटत ते परत गेले.

पुंजाआजोबांना मात्र हसू येत नव्हतं. बायकोचा हात गर्दीत सुटला होता, मोबाइल त्यांच्याच खिशात राहिला होता आणि गावचा टेम्पो निघायच्या बेतात होता. "ती कधी एकटी नाशकात फिरली नाय," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"मशीननं ब्याण्णव गुण दिले होते," ज्ञानेशदादा कुरकुरला.

"मिशीचे किती कापले?" बंटीनं विचारलं.

हे असं होतंच कसं, ते योगिनीला समजून घ्यायचं होतं. दादाला विचारायचाच अवकाश, तो खुलला. लिहिणारे दहा, तर लिहिण्याच्या तऱ्हाही दहा. म्हणून प्रोग्राम काना, मात्रा, वेलांट्या गाळतो. ध आणि द, भ आणि ब एकाच डब्यात टाकतो. मग उरलेला सांगाडा जुळवतो. त्यामुळे धोंडाबाई आणि धोंडीबा त्याला सारखेच! स्वतःच्या नावाला पन्नास गुण, जवळच्या नातेवाइकाच्या नावाला पन्नास. बेरीज ऐंशीच्या खाली गेली, की ती नोंद पडद्यावर दिसतच नाही.

"आणि नातेवाइकाची जागा रिकामी असेल तर?"

"तिथे शून्य. पण रिकामी का असेल? नवऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं?"

योगिनीला तिची आजी आठवली. लस घ्यायला गेली तेव्हा खिडकीवर नवऱ्याचं नाव विचारलं, तर आजीनं नुसतं आजोबांकडे बोट दाखवलं होतं.

"माहीत असतं रे दादा. पण आजीसारख्या बायका ते तोंडानं घेत नाहीत!"

दादाला ते पटायला थोडा वेळ लागला. मग त्यानं, जागा रिकामी असेल तर शून्याऐवजी स्वतःच्या नावाचेच गुण दुप्पट धरायचे, असा बदल केला आणि पुन्हा शोध लावला. पडद्यावर नवी ओळ आली. दोंडाबाई. पतीचे नाव आठवत नाही. विस्मरणाचा त्रास, वैद्यकीय मंडप, रुग्णालयात हलवावे.

आजोबांचा हात धरून दोघं पळत सुटली. दादा लॅपटॉप बगलेत मारून मागोमाग. वैद्यकीय मंडपापाशी रुग्णवाहिका उभीच होती, आणि आत खुर्चीवर एक आजी फुरंगटून बसल्या होत्या. आजोबांना पाहताच त्यांनी पदर सावरला. "आले एकदाचे," त्या म्हणाल्या.

तिथली सविता सिस्टर मात्र हलेना. सकाळीच एकजण भलत्याच आजींना घेऊन निघाला होता. आता न्यायला आलेल्याचं नाव पेशंटनं स्वतः सांगितल्याशिवाय सोडणं नाही.

"हे कोण तुमचे?"

"हेच की ते."

"हे म्हणजे कोण?"

"आमच्या सुनेचे सासरे."

सिस्टरनं कागदावर 'गोंधळलेली' असं लिहायला घेतलं. रुग्णवाहिकेचं दार उघडलं. आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला.

योगिनी पुढे झाली. "सिस्टर, असं कुणी विचारतं का?" आणि ती आजींसमोर वाकली. "आजी, नाव घ्या ना. उखाण्यात."

आजींची कळी खुलली. त्यांनी घसा खाकरला, आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"गंगेवर आले न्हायला, ठेवलं मला कोंडून,
पुंजारावांचं नाव घेते, सोडा आता इथून!"

रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनंच पहिली टाळी वाजवली. सिस्टरनं हसत हसत कागद फाडला. इतका नीट उखाणा रचणाऱ्या बाईला विस्मरण म्हणणारी मीच वेडी, असं कबूल करून तिनं योगिनीची पाठ थोपटली.

"पोरी, मशिनीपेक्षा तुझं डोकं लय भारी," पुंजाआजोबा म्हणाले. बंटीनं आपलंही डोकं पुढे केलं, तेव्हा त्यावरूनही हात फिरला.

ज्ञानेशदादाला मात्र राहवेना. नाव सरळ सांगितलं असतं तर एवढा घोळ झाला नसता, असं तो म्हणालाच.

धोंडाबाई थांबल्या. "लगीन झालं का रं तुझं?"

दादानं नकारार्थी मान हलवली.

"अन् तुझ्या मशिनीचं?"

"नाही, आजी."

"मग कसं कळायचं तुम्हा दोघांना?" असं म्हणून त्या पुंजारावांच्या पुढे दोन पावलं टाकत टेम्पोकडे निघाल्या.